घरचं सुतारकाम, सांगलीचा पूर आणि ‘वॉटरप्रूफ’ नावाचा घोळ

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर गावभाग, मारुती चौक, हरभट रोड या पट्ट्यात घराघरातलं फर्निचर रस्त्यावर आलं. त्या ढिगांमध्ये एक गोष्ट न सांगता दिसत होती. आजोबांच्या काळची सागवानी कपाटं चिखलाने माखलेली होती, दारं अडकत होती, पण उभी होती. चार-पाच वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेल्या वॉर्डरोबचे मात्र चहात बुडवलेल्या टोस्टसारखे हाल झाले होते. हाताने दाबलं की भुसा हातात. त्या दोहोंच्या मधे तिसरा प्रकार होता. तो फुगला नव्हता, फुटला नव्हता, फक्त सुटा झाला होता: फळ्या शाबूत, वरचा मायका निघालेला, सांधे मोकळे, बिजागऱ्या गंजलेल्या. घरमालक म्हणत होते, हे तर वॉटरप्रूफ प्लायचं होतं.

आज सांगली-मिरज-कुपवाडमध्ये जी मंडळी हौसेने घरी टेबलं, पलंग, मांडण्या करतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची सुरुवात त्या ढिगापासून झाली आहे. निदान माझ्या ओळखीच्या सगळ्यांची तरी. म्हणून हौशी सुतारकामाची ही पार्श्वभूमी त्या तिसऱ्या प्रकाराभोवतीच जास्त फिरेल.

मागचं थोडक्यात. सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं, मोटेचा गाडा हे त्याचं खरं काम, आणि त्याला लागायची बाभूळ. घरात लाकूड म्हणजे पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा, मुसळ. साग मौल्यवान, तो वाड्यांच्या खांब-तुळयांना. शिवशाहीची राज्यनीती सांगणाऱ्या आज्ञापत्रातही आरमारासाठी साग तोडायचा तर हुजूरची परवानगी लागेल असं बजावलं आहे. आजच्या पलूस तालुक्यात कुंडलच्या माळावर १९१० मध्ये लोखंडी नांगरांचा कारखाना आला आणि सुताराचं शेतातलं काम हळूहळू आटलं. या सगळ्या काळात वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट ही हत्यारं सुताराच्या घरातच राहिली. ज्याच्या दारात पलंग बनायचा त्याने तो बनवणाऱ्याला चहा द्यायचा, हत्याराला हात लावायचा नाही, अशीच रीत होती. हौशी सुतार नावाचा प्राणी आपल्याकडे नव्हता.

मिरज अपवाद म्हणावं तर तिथली परंपराही धंद्याचीच. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथे सतार-तानपुरे घडवायला घेतले. भोपळा आणि तुणीचं लाकूड वर्षानुवर्षं सुकवून मग कामाला घेणारी ती माणसं. लाकूड वाळायला वेळ लागतो हे मी त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर बसून शिकलो, इंटरनेटवर नाही.

शिकलेल्या माणसाच्या हातात करवत पहिल्यांदा आली ती वर्कशॉपमध्ये. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि पहिल्या वर्षाला कारपेंट्रीचा जॉब हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. दोन पट्ट्या घ्यायच्या, अर्ध्या-अर्ध्या जाडीच्या खाचा मारून टी-लॅप सांधा करायचा. मास्तर गुण्या लावून उजेडाकडे धरणार, फट दिसली की परत. माझ्या जॉबमधून पलीकडची खिडकी दिसत होती. तरी रंध्यातून पहिली अखंड सालपट निघाली तेव्हाचा वास नोकरीच्या तीस वर्षांत विसरलो नाही. तीस वर्षांनी पुन्हा रंधा हातात घेणारे बहुतेक याच वर्कशॉपचे, नाहीतर आयटीआयचे.

मधल्या काळात सुतारकामच बदललं. सरस उकळून सांधे चिकटवायचे दिवस गेले. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आला. मग प्लाय आला, त्यावर सनमायका आला, आणि खाच-कूस करणारा कारागीर हळूहळू फळ्या कापून स्क्रू मारणारा कारागीर झाला. यात त्याचा दोष नाही. मजुरी चौरस फुटावर ठरायला लागली, आणि कूस तासण्यात गेलेला दिवस चौरस फुटात मोजता येत नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि जंगलतोडीवर देशभर टाच आली. ईशान्येकडच्या प्लायवुड गिरण्या बसल्या. धंदा हरियाणातल्या यमुनानगरकडे सरकला, आणि जंगलातल्या जुन्या झाडांच्या जागी शेतात लावलेला पॉप्लर आणि निलगिरी प्लायच्या पोटात गेली. दुकानात शब्द तेच राहिले, आतलं लाकूड बदललं. घोळ इथून वाढला.

आता तो शब्द.

सांगलीतल्या कुठल्याही दुकानात प्लाय मागा, तीन नावं ऐकू येतील: कमर्शियल, वॉटरप्रूफ, मरीन. भारतीय मानकात यातलं ‘वॉटरप्रूफ’ असं सुटं नाव नाही. आयएस ३०३ या मानकात दोन दर्जे होते. एक एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारा. दुसरा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा. मरीनचं मानक वेगळं, आयएस ७१०; १९७६ चं होतं, २०१० मध्ये सुधारून आलं. त्याचा दर्जा बीडब्ल्यूपी, उकळत्या पाण्याला दाद न देणारा. आर आणि पी, एका अक्षराचा फरक. पण चाचणीत तो फरक असा आहे: एमआरला ६० अंशांच्या पाण्यात ३ तास, बीडब्ल्यूआरला उकळत्या पाण्यात ८ तास, बीडब्ल्यूपीला उकळत्या पाण्यात ७२ तास. दुकानदार ज्याला वॉटरप्रूफ म्हणतो तो बहुधा मधला, आठ तासांचा. आणि सांगलीत पाणी घरात आठ तास थांबलं नव्हतं, आठ दिवस थांबलं होतं.

यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: उकळत्या पाण्यातले आठ तास म्हणजे थंड पाण्यातले कितीतरी दिवस. ते अगदीच चूक नाही. उकळत्या पाण्याने गोंदाची परीक्षा लवकर होते, म्हणूनच तर उकळतात. पण खरी गोम पुढे आहे. ही परीक्षा गोंदाची आहे. पातळ पापुद्रे एकमेकांना सोडतात का, एवढंच ती पाहते. फळी पाणी पिते का, हे ती विचारत नाही. आणि फळी पाणी पिते, कारण ती लाकूडच आहे. मग तुमचं कपाट ज्या गोष्टींनी उभं आहे, म्हणजे सांध्यातला साधा पांढरा फेव्हिकॉल, लोखंडी स्क्रू, कडेची बिडिंग, वरचा मायका, यांतल्या एकाचीही ७१० च्या परीक्षेत हजेरी नाही. साधा पांढरा गोंद पाण्यात राहिला की मऊ पडतो. फळी पास, कपाट नापास. २०१९ च्या ढिगातला तिसरा प्रकार हाच.

दुसरी गोम शिक्क्याची. फळीच्या पाठीवर ७१० छापलेलं असतं, त्याबरोबर मानकचिन्ह आणि परवाना क्रमांक असायला हवा. नुसते तीन आकडे छापायला शाई पुरते. पूर्वी जाणकार फळीची कड बघायचे. फिनॉलच्या, म्हणजे पाणी सोसणाऱ्या गोंदाची रेघ गडद तपकिरी दिसते, साध्या युरियाच्या गोंदाची फिकट. आता गोंदात रंग टाकून रेघ गडद करणारेही आहेत, त्यामुळे तो उपायही गेला.

मी शेवटी घरी उकळून बघितलं. १८ एमएमचे दोन-दोन इंचांचे दोन तुकडे, एक परवाना क्रमांकासकट ७१० चा, दुसरा “साहेब, वॉटरप्रूफच आहे, बिनधास्त न्या” असं म्हणून दिलेला. सकाळी नऊला जुन्या पातेल्यात टाकले, तुकडे वर तरंगू नयेत म्हणून त्यांच्यावर वरवंटा ठेवला. अकरापर्यंत पाणी कडक चहासारखं झालं. दुपारी दोनला बिनधास्तवाला तुकडा एका कोपऱ्यात उमलला. नख घातलं तर पापुद्रा खारी बिस्किटासारखा सुटला. ७१० चा तुकडा पाचपर्यंत जसाच्या तसा. पण तो करवतीने मधोमध कापला तेव्हा पोटात पेन्सिल जाईल एवढी पोकळी निघाली. मधले तुकडे एकमेकांना भिडवून ठेवलेच नव्हते. गॅलरीत दोन दिवस उन्हात ठेवूनही त्या पोकळीतून ओल जाईना, आणि तिथे मारलेला स्क्रू नुसता फिरत राहिला. ही ७२ तासांची चाचणी नव्हे, हे मान्य. तेवढा गॅस जाळायला घरातून परवानगी मिळाली नसती. पातेलं दुधातून बाद झालं ते झालंच.

तर २०१९ नंतर इथल्या हौशी लोकांत दोन तट पडले. एक म्हणतो, खरा ७१० घ्या, पाण्यात टिकणारा गोंद वापरा, कडा इपॉक्सीने बंद करा. दुसरा म्हणतो, पूरपट्ट्यात अख्खं लाकूडच हवं. मी दुसऱ्या तटात आहे, हे वर लपलेलं नाही. अख्खं लाकूड पावसाळ्यात फुगतं, ऑगस्टमध्ये खण ओढायला दोन हात लागतात, हे पहिल्या तटाचं म्हणणं खरं आहे. पण ते वाळल्यावर परत येतं.

मग लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न. वखारीत गेलात की सागाच्याही तीन-चार जाती भेटतात. ‘सीपी’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला, पण चंद्रपूर-बल्लारशाकडच्या सागाला वखारीत अजून सीपीच म्हणतात. बर्मा साग म्हणून जे विकतात त्याकडे जरा संशयाने बघावं, कारण म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. आफ्रिकेतला लागवडीचा साग स्वस्त पडतो. स्वतःच्या शेतातला साग, आंबा, फणस पाडून टेबल करू म्हणणाऱ्यांनी १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आधी बघावा. ही झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत, झाड तुमचं असलं तरी परवानगी लागते.

मोजमापाची गंमत वेगळीच. कापलेलं लाकूड घनफुटावर: इंच गुणिले इंच गुणिले फूट, भागिले १४४. उभा ओंडका मात्र गोलाईवर: घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. ४ फूट घेराचा, १० फूट लांबीचा ओंडका या हिशोबाने १० घनफूट भरतो, भूमितीने पावणेतेराच्या आसपास. मधलं लाकूड कुणी खाल्लेलं नाही, साल आणि चौकोनी कापताना जाणारे बाहेरचे तुकडे आधीच वजा धरले आहेत. आणि मिस्त्री “एक सूत कमी कर” म्हणाला तर तो इंचाचा आठवा भाग. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा आहे, तरी प्लाय आजही ८ बाय ४ फूट, जाडी १८ एमएम. एकाच फळीत दोन साम्राज्यं नांदतात.

सुरुवातीला खरं लाकूड बहुतेकांना मिळालं ते दोन ठिकाणी. पुरात खचलेले जुने वाडे उतरवले गेले, त्यांच्या तुळया आणि पाट्या जुन्या बाजारात आल्या. शंभर वर्षं वाळलेला साग. फक्त आत मोडलेला खिळा असतो आणि तो तुमच्या करवतीची वाट बघत असतो. दुसरं ठिकाण कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतला भंगारवाला. परदेशी यंत्रांबरोबर येणारी पाइनची पॅलेट तिथे मिळतात. त्यांवर कणसाचं चिन्ह आणि दोन अक्षरं असतात: एचटी असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबी घरात आणू नये.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हौसेला वेळ दिला. दुकानं बंद, मिस्त्री गावी गेलेले, आणि निर्बंध जरा सैल झाल्यावर ड्रिल, जिगसॉ कुरिअरने दारात येऊ लागले. टेबल सॉ महाग म्हणून फरशी कापायचा मार्बल कटर प्लायच्या फळीखाली उलटा कसायचा आणि वरून लाकूड कापायचं चार इंची पातं काढायचं, ही युक्ती तेव्हाच पसरली. ते मशीन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं, त्याला संरक्षक पट्टी नाही, फळी अडकली तर पोटावर येते. मी ते वर्षभर वापरलं आणि मग विकत घेणाऱ्याला चार वेळा सांगून विकलं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. त्याआधीच्या दोन वर्षांत पूरपट्ट्यातल्या हौशी लोकांनी एक गोष्ट आपसूक बदलली होती. गोंदाचा वाद मिटला नव्हता, पण पलंग आणि कपाटं आता बोल्टवर उभी होत होती, सुटी होऊन जिन्यातून वर जातील अशी. गावभागात मेहुण्यासाठी केलेल्या पलंगाला आठ बोल्ट होते. निरोप आला तेव्हा पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं. दोघांनी वीस मिनिटांत पलंग खोलला, पाय आणि फळ्या दुसऱ्या मजल्यावर नेल्या. पाणी गेल्यावर पुन्हा जोडायला बसलो तर बोल्ट सातच भरले. आठव्याच्या जागी अजून लाकडी खुंटी आहे.