चांगला देव की न्यायी देव? एका वादाची पार्श्वभूमी

देव चांगला आहे आणि न्यायीही आहे, असे ख्रिस्ती माणूस एका दमात म्हणतो. पण हे दोन्ही गुण एकाच देवाचे कसे, हा प्रश्न दुसऱ्या शतकात उघडपणे विचारला गेला, आणि विचारणारा मंडळीतलाच, म्हणजे चर्चमधलाच, होता. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपहून रोमला आलेल्या मार्सियनने तिथल्या मंडळीला दोन लाख सेस्टर्सची (रोमन नाण्यांची) देणगी दिली होती. इ. स. १४४ च्या सुमारास मंडळीने त्याला बाहेर काढले आणि रक्कमही परत केली. (पैसे परत करण्याइतका राग धर्मसंस्थांना क्वचितच येतो.)

मार्सियनचे म्हणणे असे : जुन्या करारातला, म्हणजे यहुद्यांकडून आलेल्या बायबलच्या पहिल्या भागातला, निर्माता देव न्यायी आहे. तो नियम घालतो, मोडणाऱ्याला शिक्षा करतो, डोळ्याबद्दल डोळा मागतो. येशूने दाखवलेला पिता मात्र केवळ चांगला आहे. चांगल्या झाडाला वाईट फळ येत नाही, हे लूकच्या शुभवर्तमानातले (येशूच्या चरित्रातले) वचन त्याने आधाराला घेतले. म्हणजे देव दोन. मग जुना करार त्याने टाकूनच दिला. लूकचे शुभवर्तमान आणि प्रेषित पौलाची दहा पत्रे तेवढी ठेवली, तीही काटछाट करून.

लिऑनचा बिशप इरेनियस याने १८० च्या सुमारास उत्तर दिले की या फाळणीत दोन्ही देव मरतात : न्याय न करणारा चांगला राहत नाही आणि चांगुलपणा नसलेला न्यायी ठरत नाही. कार्थेजच्या टर्टुलियनने तर मार्सियनविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. पाप करू नका असे सांगायचे आणि केल्यावर काहीच करायचे नाही, तर त्या मनाईला अर्थ काय? असा देव असेल तर तुम्ही बेधडक पापे का करत नाही, असे तो मार्सियनच्या अनुयायांना विचारतो, आणि ‘छे, छे!’ हे त्यांचे उत्तरही स्वतःच नोंदवतो. त्याच्या मते न्याय पापानंतर जन्मलेला नाही; उजेड आणि अंधार वेगळे झाले तेव्हाही तो होताच.

या वादात ग्रीक तत्त्वज्ञान हाताशी होते. ज्याच्याकडे एक सद्गुण त्याच्याकडे सगळेच, असे स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ मानत. अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने त्याच वळणाने न्याय आणि चांगुलपणा एक ठरवले : देवाची शिक्षा म्हणजे वैद्याचे कडू औषध. मांडणी सुंदर आहे, पण तिच्यात न्याय चांगुलपणात विरघळून जातो. जे बरे करण्यासाठी नाही, त्या शिक्षेला इथे जागाच उरत नाही.

अकराव्या शतकात धर्मचिंतक अन्सेल्म इतका सहज सुटत नाही. न्यायी देव दुष्टांना क्षमा कशी करतो, असे तो प्रार्थनेतच देवाला विचारतो. क्षमा देवाच्या स्वतःच्या चांगुलपणाला साजते म्हणून तीही न्यायच, इथवर तो पोचतो. पण सारख्याच दोन दुष्टांपैकी एकच का तारला जातो, हे बुद्धीला कळत नाही, अशी कबुलीही देतो. या सगळ्यांत मला तोच जास्त विश्वासार्ह वाटतो. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने क्रम लावला : देवाच्या प्रत्येक कृतीत दया आणि न्याय दोन्ही असतात, पण मुळाशी दया, कारण निर्मिती करणे हे देवावर कुणाचे देणे नव्हते.

सोळाव्या शतकात इटालियन धर्मचिंतक फाउस्टो सोसिनसने वेगळाच घाव घातला. शिक्षा करणे हा देवाचा स्वभाव नाही, ती त्याची इच्छा. पापाचा मोबदला न घेताही तो क्षमा करू शकतो, जसा सावकार कर्ज सोडून देतो. १६१७ मध्ये कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने उत्तर दिले की देव सावकारासारखा नव्हे, राज्यकर्त्यासारखा वागतो. सुव्यवस्थेसाठी शिक्षा सहजी सोडून देता येत नाही.

मार्सियन मात्र पुन्हा परतला. १९२१ मध्ये जर्मन इतिहासकार आडोल्फ फोन हार्नाकने त्याच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि प्रॉटेस्टंटांनी जुन्या कराराला अजूनही प्रमाणग्रंथ मानावे, हे दुबळेपणाचे लक्षण ठरवले. हार्नाक १९३० मध्ये वारला. नाझी राजवटीत, नोव्हेंबर १९३३ मध्ये, बर्लिनच्या एका प्रचंड सभेत ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीसमर्थक प्रॉटेस्टंट गटाच्या वक्त्याने जुना करार काढून टाकण्याची मागणी केली. तिच्यामागे यहुदीद्वेष होता. १९४० मध्ये स्विस धर्मपंडित कार्ल बार्टने देवाच्या गुणांवरचा खंड प्रसिद्ध केला, तेव्हा दया आणि न्याय्यता ही जोडी त्याने एकाच प्रकरणात घेतली.