बॉडीला सँडब्लास्टिंग मारायचं का? जुन्या गाड्यांच्या रंग आणि गंजामागची गोष्ट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात कुणी जुनी फियाट नाहीतर जीप परत उभी करायला काढली की हल्ली पहिला सल्ला एकच येतो, सँडब्लास्टिंग (हवेच्या जोरानं वाळू मारून साफ करणं) करून घे, सगळा रंग आणि गंज एका दिवसात साफ. मुळात ही पद्धत गॅरेजमधली नाही, फौंड्रीतली म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातली आहे, आणि सगळा वाद तिथनंच सुरू होतो.

मागचं थोडक्यात सांगतो. जोराच्या झोतानं वाळू मारून साफ करायचं पेटंट अमेरिकेत 1870 सालचं, तेव्हा मोटारगाडीचा पत्ताच नव्हता. 1921 च्या सुमाराला तिकडंच पाण्यात भिजवून घासायचा पेपर निघाला. तेव्हाच्या रंगात शिसं असायचं आणि कोरडं घासलं की ती धूळ पेंटरच्या छातीत जायची, म्हणून गाड्या रंगवणाऱ्यांनी तो लगेच उचलला. आपल्याकडचे जुने पेंटर पाणीपेपरशिवाय हात लावत नव्हते ते उगाच नाही.

ॲम्बेसेडर, फियाट आणि जीपच्या काळात इथं पूर्ण रंग उतरवणं ही भानगडच नव्हती. जिथं फुगलंय तिथं पत्री घेऊन खरवडायचं, वायर ब्रश मारायचा, रेड ऑक्साईडचा गंजरोधक हात लावायचा, खड्डे भरायला पुट्टीचा लेप भरायचा आणि वर रंग. पत्रा जाड होता म्हणून हे खपून गेलं. गंजाला कारणं मात्र भरपूर होती. खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस म्हणजे महिनोन्महिने ओल, गोव्यात राहिलेल्या गाडीला खारी हवा लागलेली, आणि उसाच्या फडात फिरणाऱ्या जीपच्या चॅसीत म्हणजे खालच्या सांगाड्यात चिखल जाऊन बसतो तो वरनं वाळला तरी आत ओलाच राहतो. कोरड्या अथणीकडची गाडी आणि खानापूरची गाडी शेजारी उचलून खालनं बघा, मॉडेल एक असलं तरी फरक दिसतो.

1983 च्या शेवटाला मारुती 800 आली आणि हळूहळू सगळीकडं पातळ पत्र्याच्या गाड्या झाल्या, पाऊण मिलिमीटरच्या आसपास. इथनं पुढं जुनी पद्धत कमी पडायला लागली कारण पातळ पत्रा आतनं खाल्ला की वरनं फोड दिसेपर्यंत भोक पडलेलं असतं. मग लोकांना वाटायला लागलं की एकदाच सगळं उघडं करून बघावं, आणि बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे या कारखान्यांच्या भागात कास्टिंग म्हणजे ओतीव भाग साफ करायची ब्लास्टिंगची सोय होतीच, तिकडं कोल्हापूरजवळ शिरोलीला पण होती, त्यामुळं चॅसी तिकडं जायला लागली, चॅसीमागनं दरवाजे गेले आणि मग बॉनेट पण.

चॅसी जाण्यात काहीच चूक नाही, माझ्या मते तिला दुसरा चांगला उपायच नाही. पण बॉनेट आणि टप (छत) वेगळं प्रकरण आहे. तिथं पत्रा लांब-रुंद आणि आधाराशिवाय असतो. पत्रा तापून वाकतो असं सगळे सांगतात पण जास्त करून कारण वेगळं आहे, एकेक कण बारीक हातोडीसारखा आदळतो, वरचा थर पसरतो आणि खालचा तसाच राहतो, त्यामुळं पत्रा फुगतो आणि लाटा येतात. त्या लाटा मग पुट्टीनं झाकायच्या, म्हणजे ज्या पुट्टीपासनं सुटायला निघालो तीच दुप्पट लागणार. ब्लास्टिंगवाल्याचा पण यात सगळा दोष नाही, त्याचा प्रेशर आणि कण कास्टिंगसाठी लावलेला असतो, आपण बॉनेट घेऊन गेलो तर तो तरी काय करणार.

दुसरा भाग माणसाचा आहे आणि त्याबद्दल इथं फारच कमी बोललं जातं. नदीच्या वाळूत सिलिका असते, तिच्या बारीक धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. इंग्लंडनं 1949 च्या नियमांतच ब्लास्टिंगला वाळू बंद केली. रस्त्याकडेच्या शेडमध्ये तोंडाला नुसता टॉवेल गुंडाळून पोरगं वाळू मारत असेल तर स्वस्त काम कुणाच्या जिवावर चाललंय ते उघड आहे. गार्नेट या खनिजाचा किंवा स्टीलचा ग्रिट (बारीक कण) महाग पडतो, पण मागायचा तोच.

वाळूऐवजी खायचा सोडा मारायचं ब्लास्टिंग 1980 च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीत पुढं आलं. पत्र्याला ते सौम्य आहे, रंग उतरतो पण गंज जात नाही, आणि सोडा नीट धुतला नाही तर पुढचा रंग धरत नाही. रंग उतरवायला लावायच्या रिमूव्हरचं पण तसंच. रंग सुरकुतून वर येतो, हाताला सोपं, पण जुन्या जोरदार रिमूव्हरमधलं मिथिलीन क्लोराईड बंद खोलीत जीव घेऊ शकतं. युरोपात 2012 पर्यंत त्याच्यावर बंधनं आली, अमेरिकेत 2019 मध्ये घरगुती ग्राहकांना विकायची बंदी झाली. डबा घ्यायच्या आधी मागचं वाचा.

आता ही चर्चा परत तापायचं कारण नियम. 1 एप्रिल 2022 पासनं 15 वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी त्या वेळी 600 वरनं 5000 रुपये झाली. त्याआधी 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आली, तिची अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे आणि मोठा फेरफार झालेला नको. त्यामुळं गंजलेला पत्रा कापून नवा लावण्यापेक्षा जुनाच वाचवण्याकडं लोक वळले, आणि पत्रा वाचवायचा तर तो आधी नीट उघडा करावा लागतो.

कामाचा क्रम पण बदललाय. आधी उघड्या पत्र्यावर सरळ पुट्टी जायची, पुट्टी पाणी शोषते, म्हणून दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी फोड. आता ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (ओल अडवणारा पहिला हात) मारून त्याच्यावर पुट्टी भरतात. जून ते सप्टेंबर मात्र हे काम काढूच नका, आपल्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी त्याच्यावर गंजाची पिवळट-तांबूस झाक आलेली असते आणि परत घासायला बसावं लागतं.