कोल्हापुरात वक्फ मिळकतीची नोंदणी करायची तर कागद कुठले लागतात

वक्फ नोंदणीचं बोलणं निघालं की लोक पहिल्यांदा उमीद या सरकारी वक्फ पोर्टलचंच विचारतात, लॉगिन कसं करायचं, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येणार. माझं म्हणणं एकच, पोर्टल सगळ्यात शेवटी उघडा. आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि घरफाळ्याची पावती शेजारी शेजारी ठेवून नाव काय लागलंय, क्षेत्र किती लागलंय ते बघा. आमच्या जमातीच्या, म्हणजे मशिदीच्या मंडळींच्या, कामात आठ महिने तिथंच गेले, कार्डावर मशिदीचं नाव आणि घरफाळ्याला मयत झालेल्या जुन्या मुतवल्लींचं (कारभाऱ्यांचं) स्वतःचं नाव.

वक्फ म्हणजे आपल्या मालकीची मिळकत धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी कायमची देणं. देणारा वाकिफ, कारभार बघणारा मुतवल्ली. एकदा दिली की परत घेता येत नाही, विकता येत नाही, बक्षीसपत्र करता येत नाही, आणि मुतवल्ली हा सांभाळणारा आहे, मालक नव्हे.

आता आपल्याकडची खरी गुंतागुंत. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच मशिदी, दर्गे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेले आहेत, बी नंबर असतोय तो. म्हणून काहीजण म्हणतात आमची नोंदणी झालीय, दुसरी कशाला. पण ती ट्रस्ट आहे का वक्फ हे आधी ठरवावं लागतं. मुस्लिमांनी काढलेली प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट वक्फ नसते, हे सुप्रीम कोर्टानं 20 ऑक्टोबर 2022 च्या निकालात महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलंय. त्यामुळं पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्ट नोंदवहीचा, उतारा आणि मूळ योजना किंवा ट्रस्ट डीड काढून वकिलाला दाखवा, मगच पुढं जा.

नवीन वक्फ करणाऱ्यांसाठी 2025 चा दुरुस्ती कायदा 8 एप्रिल 2025 पासून लागू आहे. मिळकत देणाऱ्याच्या कायदेशीर मालकीची आणि त्याला हस्तांतर करता येईल अशीच पाहिजे. वक्फनामा लेखीच लागतो, तोंडी चालत नाही, आणि जागा असेल तर दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर करून घ्या. पाच वर्षं इस्लाम पाळत असल्याचं दाखवायची अट होती, तिला सुप्रीम कोर्टानं 15 सप्टेंबर 2025 ला स्थगिती दिली, सरकार नियम करेपर्यंत. कुटुंबासाठीचा वक्फ करताना मुलीबाळींचा, वारसांचा हक्क डावलता येत नाही, आणि हे कलम मला मनापासून पटतं. नुसत्या वर्षानुवर्षांच्या वापरावर नवीन वक्फ आता धरत नाहीत, आधी नोंद झालेल्यांची मान्यता राहते, मात्र मिळकत वादातली किंवा सरकारी नसावी.

कागदांत वक्फनामा किंवा सनद, शहरात प्रॉपर्टी कार्ड, गावात सातबारा आणि जुने फेरफार, मोजणी नकाशा, चतुःसीमा, मुतवल्लीच्या नेमणुकीचा ठराव आणि ओळखपत्र, भाडेकरूंचे करार, कोर्टात दावा असेल तर त्याची माहिती. शिवाय वर्षाचं उत्पन्न, कर किती जातो, खर्चाचा अंदाज आणि मुतवल्लीचा पगार हेही लिहावं लागतं.

पीराच्या इनाम जमिनीत जास्त जपा. सातबाऱ्यावर देवस्थान इनाम वर्ग 3 असतं आणि खाली वहिवाटदार म्हणून दर्ग्याची सेवा करणाऱ्या मुजावर घराण्याची नावं, पिढ्या गेल्या तशी वारस नोंदी वाढत गेल्या आणि आजचे नातू ती वडिलोपार्जित समजून वाटणीची भाषा करतात. मुजावरांनी सेवा केलीय, दिवाबत्ती केलीय, त्यांचा मान राहिलाच पाहिजे, पण जमीन पीराची आहे. अशा ठिकाणी भूमी अभिलेखमधनं अगदी जुन्या नोंदीपर्यंतच्या नकला काढा, मूळ इनाम कुणाच्या नावानं दिलं ते तिथंच सापडतं. आणि हे मुजावरांना सोबत घेऊन करा, त्यांच्या पाठीमागं नको.

अर्ज पोर्टलवरनं वक्फ बोर्डाकडं जातो, नवीन वक्फ असेल तर तो केल्यापासून तीन महिन्यांच्या आत. बोर्ड तो चौकशीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवतं. मिळकत वादात आहे किंवा सरकारी आहे असा रिपोर्ट गेला तर तेवढ्या भागाची नोंदणी कोर्टाचा निकाल येईपर्यंत थांबते. म्हणून क्षेत्र आणि हद्द आधीच जुळवा.

जे आधीच नोंदलेले आहेत त्यांना 6 जून 2025 ला सुरू झालेल्या उमीद पोर्टलवर सगळी माहिती, जागेच्या जिओ-टॅगिंगसकट, भरायला सहा महिने होते. मुतवल्लीनं भरायचं, मग पुढं दोन पायऱ्यांवर तपासणी आणि मंजुरी. मुदत सरसकट वाढवायला सुप्रीम कोर्टानं 1 डिसेंबर 2025 ला नकार दिला, ट्रिब्युनलकडं, म्हणजे वक्फच्या न्यायाधिकरणाकडं, जा म्हणून सांगितलं. ट्रिब्युनल छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्यापासनं साडेचारशे किलोमीटर, लहान गावच्या जमातीनं तिथं फेऱ्या मारायच्या कशा हा प्रश्न मला फार लागतो. म्हणून अर्धवट राहिलेल्या अर्जाची पोचपावती, स्क्रीनशॉट, तारखा सगळं फाईलला लावून ठेवा, उशिराचं कारण तिथं त्याच्यावरच पटवावं लागतं. आणि नोंदणी नसलेल्या वक्फचा दावा कोर्ट आता दाखलच करून घेत नाही, उशिराचं सबळ कारण पटलं तरच घेतं.

नोंदणी झाल्यावर दरवर्षी 1 जुलैच्या आत 31 मार्चपर्यंतचा हिशेब बोर्डाला द्यायचा, आणि निव्वळ उत्पन्न 5,000 च्या वर असेल तर त्यातला 5 टक्क्यांपर्यंत हिस्सा भरायचा, पूर्वी तो 7 टक्क्यांपर्यंत होता.