कोठीपोटातल्या जिवाणूंसाठीचं औषध

अमेरिकेतल्या टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का या भागांत मांसासाठी पाळलेली गुरं शेवटचे चार-सहा महिने फीडलॉटमध्ये, म्हणजे खुराक घालून वजन वाढवण्याच्या मोठ्या आवारात असतात. काही फीडलॉटमध्ये एका वेळी ५०,००० जनावरं मावतील एवढी जागा असते. तोवर गवतावर वाढलेल्या या जनावरांपुढे आता मुख्यतः वाफवून चपटा केलेला मका येतो. वजन भराभर वाढतं, पण कोठीपोटाला, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या ज्या मोठ्या कप्प्यात जिवाणू चारा आंबवतात त्याला, हा खुराक झेपतोच असं नाही. आपल्याकडे लग्नात उरलेला भात गाईला भरपूर घातला की ती रवंथ थांबवते आणि डॉक्टरांना येऊन खाण्याचा सोडा पाजावा लागतो. कारण तेच: स्टार्च झपाट्याने आंबतो आणि आम्ल साचतं.

या खुराकात टनामागे साधारण ३० ग्रॅम मोनेन्सिन हे प्रतिजैविक मिसळतात. आधी ते कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावर वापरात होतं. अमेरिकेत फीडलॉटमधल्या जनावरांसाठी त्याला १९७५ च्या अखेरीस मान्यता मिळाली. मला त्याचं अप्रूप वाटतं ते यासाठी, की वजनावर दिसणारा त्याचा परिणाम घडतो तो कोठीपोटातल्या जिवाणूंमार्फत.

मोनेन्सिनचा रेणू सोडियमचा आयन पोटात धरून जिवाणूच्या पटलातून आरपार जातो. आत शिरलेलं सोडियम बाहेर काढण्यात जिवाणूची सारी ऊर्जा जाते. गळक्या होडीतलं पाणी उपसता उपसता वल्हवायचं राहून जावं तसं. ज्यांना जास्तीचं बाह्य आवरण असतं ते ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू यातून बरेचसे वाचतात. मागे पडणाऱ्यांत हायड्रोजन आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे बरेच असतात. हायड्रोजन घटला की त्यापासून होणारा मिथेनही घटतो, म्हणजे ढेकरांवाटे वाया जाणारी ऊर्जा वाचते. प्रोपिओनिक आम्ल वाढतं, आणि यकृत त्यापासून ग्लुकोज बनवतं. पोटफुगीही कमी होते.

गंमत म्हणजे जनावर थोडं कमी खातं, तरी वजन पूर्वीइतकंच किंवा किंचित जास्त वाढतं. अनेक प्रयोग एकत्र पाहता खाद्याची बचत ६ टक्क्यांच्या आसपास भरते. रोजचं १० किलो खाद्य धरलं, तर १५० दिवसांत जनावरामागे ९० किलो वाचतं. ५०,००० जनावरांच्या फीडलॉटला हे ४,५०० टन होतात.

घोड्याला मात्र हेच द्रव्य मारक आहे. वजनाच्या किलोमागे २-३ मिलिग्रॅम पोटात गेलं तरी हृदयाच्या स्नायूला इजा होऊन तो दगावू शकतो. म्हणून एकाच मिक्सरमध्ये दोन्ही खाद्यं बनवणं फार धोक्याचं.

युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविकं देणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं, त्यात मोनेन्सिनही गेलं. माणसांच्या उपचारांत मोनेन्सिन वापरत नाहीत, त्यामुळे जिवाणू त्याला निर्ढावले तरी मला तितकी धास्ती वाटत नाही. काळजी वाटते ती टायलोसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची. ते माणसांना देतात त्या एरिथ्रोमायसिनच्या कुळातलं आहे, आणि अमेरिकेत २०१७ पासून खाद्यातून द्यायला पशुवैद्यकाचा लेखी आदेश लागतो. आम्लाने कोठीपोटाचं अस्तर दुखावतं, तिथून जिवाणू रक्तावाटे यकृतात पोचतात आणि गळवं होतात. ती टाळण्यासाठी टायलोसिन देतात. वैरणीचं प्रमाण वाढवलं तरी गळवं कमी होतात, पण मग वजन सावकाश भरतं आणि जनावर फीडलॉटमध्ये जास्त दिवस ठेवावं लागतं.