प्रतिनिधी (जाहिरात निर्मिती)

दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक, ॲनिमेशन किंवा संगीत स्टुडिओ यांचे काम जाहिरात एजन्सींना दाखवून त्यांना कामे मिळवून देणारा मध्यस्थ. एजन्सीच्या बाजूने पाहिले, तर जाहिरातपट कोणाकडून करून घ्यायचा हे ठरवताना सर्वांत आधी फोन जातो तो बहुधा त्याला. अभिनेत्यांच्या एजंटाशी त्याची गल्लत होते, पण तो ज्यांचे काम पाहतो ती मंडळी कॅमेऱ्यामागची.

जाहिरात सुचते आणि लिहिली जाते एजन्सीत. चित्रीकरण मात्र बहुतेक वेळा बाहेरचे प्रॉडक्शन हाउस करते. दिग्दर्शक सहसा एका देशापुरता एकाच हाउसशी बांधलेला असतो, दुसऱ्या देशात तोच दुसऱ्याच हाउसकडे असू शकतो. त्यामुळे दिग्दर्शक आवडला की लगेच पुढचा प्रश्न येतो: हा कोणाकडे आहे? प्रतिनिधीला हे तोंडपाठ असते. स्वतंत्र प्रतिनिधी एकाच वेळी चित्रीकरण, संकलन, व्हीएफएक्स (संगणकावर केलेले दृश्य-परिणाम) अशा वेगवेगळ्या कामांची चार-सहा हाउसे सांभाळतो. एकाच प्रकारचे काम करणारी दोन हाउसे घेणे तो शक्यतो टाळतो, नाहीतर एकाच स्क्रिप्टसाठी दोघांची वकिली करायची वेळ येते. अमेरिकेत पूर्व किनारा, मध्य-पश्चिम आणि पश्चिम किनारा असे प्रदेश पाडून प्रत्येकासाठी वेगळा प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आहे. मोठी हाउसे पगारी माणूसही ठेवतात.

त्याचा उपयोग कसा होतो, हे बरेचसे विचारणाऱ्यावर अवलंबून असते. ‘काही चांगली रील पाठवा’ (रील म्हणजे दिग्दर्शकाच्या निवडक कामाचा नमुना) एवढेच म्हटले, तर सगळी यादी येऊन पडते आणि एजन्सीचा प्रोड्यूसर रात्रभर लिंका उघडत बसतो. तेच स्क्रिप्ट, चित्रीकरणाच्या तारखा, बजेटचा खरा पल्ला आणि अंतिम निर्णय कोणाचा, हे सांगितले तर बोलणे वेगळ्या वाटेने जाते. समजा, तीस सेकंदांच्या फिल्ममध्ये चॉकलेटची धार वाडग्यात पडते आणि एक लहान मूल ती पाहून हसते. जाणता प्रतिनिधी आधी विचारतो, की जाहिरात धारेची आहे की हसण्याची? धारेची असेल, तर सेकंदाला हजार फ्रेम टिपणारा कॅमेरा आणि एका थेंबासाठी दिवस घालवणारा टेबलटॉप, म्हणजे टेबलावर मांडलेले पदार्थ चित्रित करण्यात तरबेज, दिग्दर्शक लागतो. हसण्याची असेल, तर मुलांशी जमवून घेणारा. दोन्ही गोष्टी उत्तम जमणारा माणूस विरळा. मग तीसऐवजी तीनच फिल्म येतात. एखादे वेळी ‘आमच्याकडे यासाठी कोणी नाही’ असेही उत्तर येते. असे सांगणाऱ्याचा नंबर प्रोड्यूसर जपून ठेवतात.

त्याचे पैसे एजन्सी देत नाही, ज्यांचे काम तो विकतो ते देतात. प्रॉडक्शन हाउस मासिक रक्कम आणि मिळालेल्या कामावर टक्केवारी देते. छायाचित्रकारांच्या बाबतीत मानधनाचा साधारण २५ ते ३० टक्के भाग कमिशनचा असतो. म्हणून त्याचा सल्ला फुकट असला तरी निःपक्ष नसतो. शिवाय रीलवर काय आहे ते तो उत्साहाने दाखवतो. त्यातली कोणती फिल्म संकलकाने सावरली, हे त्याला ठाऊक असले तरी आपणहून सांगत नाही. ते त्या दिग्दर्शकाबरोबर काम केलेल्या दुसऱ्या प्रोड्यूसरकडूनच कळते.

तीन नावे निवडली की प्रत्येकाकडून बोली मागवण्याचा प्रघात आहे. दिग्दर्शकाशी फोनवर चर्चा होते, तो ‘ट्रीटमेंट’, म्हणजे फिल्म आपण कशी करू याचे टिपण, लिहितो, आणि हाउस खर्चाचा तपशीलवार अंदाज देते. अमेरिकेत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या एआयसीपी या निर्मात्यांच्या संघटनेचा ठरावीक तक्ता त्यासाठी वापरतात, त्यामुळे तिन्ही अंदाज ओळीला ओळ लावून पाहता येतात. या टप्प्यावर प्रतिनिधीची खरी परीक्षा असते: बोली खरी आहे की नावापुरती? काम कोणाला द्यायचे हे आधीच ठरवून केवळ आकडे जुळवण्यासाठी मागवलेल्या बोलीला ‘चेक बिड’ म्हणतात. ट्रीटमेंटमागे दिग्दर्शकाचे कित्येक बिनपगारी दिवस जात असल्याने याची चीड मोठी असते. एजन्सींच्या स्वतःच्या निर्मिती विभागांना काम मिळावे म्हणून बाहेरच्यांकडून चढ्या बोली मागवल्या जातात का, याची चौकशी अमेरिकेच्या न्याय खात्याने केल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. २०१८ मध्ये ती आरोप न ठेवता बंद झाली.

त्याच २०१६ मध्ये दिग्दर्शिका अल्मा हॅरेल यांनी ‘फ्री द बिड’ मोहीम सुरू केली. तीनपैकी एक बोली स्त्री दिग्दर्शकाची असावी, एवढीच मागणी. ती मान्य केलेल्या एजन्सीकडून फोन आला आणि आपल्या हाउसांच्या यादीत एकही स्त्री नसली, तर प्रतिनिधीजवळ सुचवायला नाव नसे. मोहिमेच्या सूचीत प्रोड्यूसरना स्वतःच नावे शोधता येत. २०१९ पासून ही मोहीम ‘फ्री द वर्क’ झाली.