गिलायुशोथ, प्रौढांतील आवर्ती

घशाच्या दोन्ही बाजूंस, जिभेच्या मुळापाशी असलेल्या टॉन्सिल (गिलायू) या लसीकाभ (रोगप्रतिकारक पेशींनी भरलेल्या) ऊतकाच्या गाठींना वाढत्या वयातही पुनःपुन्हा सूज येण्याचा विकार. शाळकरी वयातला हा आजार तारुण्यात ओसरावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. काहींच्या बाबतीत तो टिकून राहतो, तर काहींना तो विशी-तिशीत प्रथमच जडतो. कोकणात ‘घसा धरला’, ‘टॉन्सिल वाढले’ असे म्हणतात. ‘पडजीभ वाढली’ हा प्रयोगही याच अर्थी ऐकू येतो, पण पडजीभ हा टाळूच्या मागच्या कडेला लोंबणारा वेगळा अवयव होय.

‘गिलायू’ ही संज्ञा सुश्रुतसंहितेतून आलेली आहे. या ग्रंथाचा काळ इ. स. पूर्वीच्या काही शतकांपासून इ. स. च्या आरंभीच्या शतकांपर्यंत वेगवेगळा धरला जातो. उपलब्ध पाठ एकाच हातचा नसावा, असे मानणे अधिक सुरक्षित. तेथील वर्णनानुसार गिलायू म्हणजे घशातील आवळ्याच्या बीएवढी, टणक, फारशी न दुखणारी गाठ. घास अडकून राहिल्यासारखे वाटते आणि उपाय शस्त्रकर्माचा. ‘तुंडिकेरी’ हा विकार मात्र सुश्रुताने तालुरोगांत (टाळूच्या विकारांत) घातला असून तो टोचणारा, जळजळणारा व पिकणारा शोफ (सूज) आहे. नंतरचा आयुर्वेद-ग्रंथकार वाग्भट याने तोच विकार कंठरोगांत आणला, जबड्याच्या सांध्याजवळ कापसाच्या बोंडासारखा, बुळबुळीत, कठीण व मंद वेदनेचा असा तो वर्णिला. आयुर्वेदाच्या सध्याच्या अध्यापनात टॉन्सिलशोथासाठी तुंडिकेरी हा शब्द रूढ आहे, तर मराठी वैद्यकीय परिभाषेत गिलायू स्थिरावला. तीव्र आजाराशी सुश्रुताची तुंडिकेरी जुळते. जुनाट, मधूनमधून उलटणाऱ्या आजाराशी वाग्भटाचे बोंड अधिक जुळते असे दिसते. तरीही रूढ झालेली संज्ञा मोडावी इतका हा पुरावा भक्कम नाही.

नाक व तोंड यांच्या मागे लसीकाभ ऊतकाचे एक कडे असते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले आणि टॉन्सिल हा त्याचाच भाग होय. टॉन्सिलच्या पृष्ठभागावरून आत खोल शिरणाऱ्या फाटेदार खाचा (विवरे) हे त्याचे खरे कार्यस्थान. लसीका ग्रंथींकडे बाहेरून लसीका (ऊतकांतून निथळणारा द्रव) वाहून आणणाऱ्या वाहिन्या असतात, तशा टॉन्सिलला नसतात. त्यामुळे जे काही ओळखायचे ते या खाचांतूनच आत घ्यावे लागते. खाचांचे अस्तर जाळीदार, पातळ व ठिकठिकाणी विरळ असते. त्यातील एम पेशी जंतूंचे अंश (प्रतिजन) उचलून आतल्या लसीका पेशींपर्यंत पोचवतात, जननकेंद्रांत (आतल्या पेशीवाढीच्या पुंजक्यांत) बी या लसीका पेशींची वाढ होते आणि जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे निर्माण होतात. हे काम साधारणपणे ४ ते १० वर्षांच्या वयात सर्वाधिक जोमाने चालते.

वारंवारच्या शोथाने नेमका हाच दरवाजा निकामी होतो. एम पेशी झडतात, जाळीदार अस्तराच्या जागी जाड, केरॅटिनयुक्त अस्तर येते आणि प्रतिजन आत पोचेनासे होतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, विशेषतः आयजीए या वर्गाची प्रतिपिंडे बनवणाऱ्या, विरळ होतात. जननकेंद्रे आक्रसतात व मध्ये तंतुमय ऊतक वाढते. खाचांची तोंडे अरुंद होऊन मृत पेशी, अन्नकण व जंतू आत साचतात आणि त्यांचे पिवळट, दुर्गंधी खडे बनतात. जंतू तेथे चिकट थर करून राहतात आणि प्रतिजैविकांना तेथे पुरेसा प्रभाव पाडता येत नाही, हे आजार उलटण्याचे एक कारण. ‘टॉन्सिल हा पहारेकरी, तो काढू नये’ हा युक्तिवाद निरोगी टॉन्सिलला लागू पडतो. जुनाट शोथाने पोखरलेल्या टॉन्सिलबाबत त्याचे वजन बरेच कमी होते.

प्रौढांच्या घसादुखीत स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस या जंतूचा वाटा साधारण ५ ते १५ टक्के धरतात. उरलेला आजार बहुधा विषाणुजन्य असतो. कोकणात पावसाळी दमट हवेला दोष देण्याची पद्धत आहे. संसर्ग थुंकीच्या तुषारांतून पसरतो हे ध्यानात घेता, गणपतीत चाकरमान्यांनी भरलेले घर हे अधिक जवळचे कारण म्हणता येईल.

निदानात किनारपट्टीवर एक खास घोटाळा होतो. पेडवे, तारली, भिंग अशा बारीक काट्यांच्या मासळीचा काटा बहुधा टॉन्सिलमध्येच रुततो आणि खाचेतल्या खड्यानेही अगदी तसेच टोचते. त्यामुळे सुका भात गिळूनही न गेलेला ‘काटा’ पुष्कळदा काटा नसतोच. तंबाखू वा मिश्रीची सवय असलेल्या प्रौढाचा एकच टॉन्सिल वाढला असेल, तर तो शोथ न समजता कर्करोगाच्या शंकेने तपासावा लागतो.

शस्त्रक्रियेसाठी अमेरिकी बालरोगतज्ज्ञ पॅराडाइज यांचा १९८४ पासूनचा निकष वापरतात: एका वर्षात ७, सलग दोन वर्षे दरवर्षी ५, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा आजार. तो मुलांवरील अभ्यासातून आलेला असून प्रौढांना जवळजवळ उसनाच लावला गेला आहे. प्रौढांपुरती ही उणीव ब्रिटनमधील ४५३ रुग्णांच्या चाचणीने (२०२३) काहीशी भरून काढली: दोन वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांचा घसा मध्यकाने (मधल्या रुग्णाच्या आकड्यानुसार) २३ दिवस दुखला, इतरांचा ३० दिवस. मीठ-हळदीच्या गुळण्या व ज्येष्ठमध यांनी आराम पडतो, खाचांतली रचना मात्र सुधारत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा रक्तस्राव होण्याचा संभव असतो. खाडीपलीकडच्या वा सड्यावरच्या वाडीतील रुग्णाने तेवढे दिवस रुग्णालयाच्या गावी मुक्काम करणे इष्ट.