फाईल फोल्डरमध्ये नसतेच

सोलापुरात पूर्वी जॅकार्डवर, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागावर, नवं डिझाईन घ्यायचं म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवायची. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलेल्या कारखान्यांत आता तेच काम संगणकातली फाईल करते. त्यामुळे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डिझाईन सांभाळणाऱ्या मुलांकडे फायलींचे डोंगर असतात. त्यांच्यापैकी एकाने मला विचारलं, "सर, चाळीस जीबीचा फोल्डर त्याच डिस्कवर दुसरीकडे हलवला तर एन्टर दाबेपर्यंत काम झालं. पेनड्राइव्हवर टाकायला अर्धा तास लागला. मग पहिल्या वेळी खरंच काही हललं का?"

काहीच हललं नाही. त्याची शंका अगदी बरोबर जागी होती. फाईल फोल्डरच्या आत ठेवलेली असते, असं आपल्याला पडद्यावरचं पिवळं चित्र शिकवतं. ते चित्र सोयीचं आहे, पण त्यामुळे कमांड लाईनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायला, बसलेला माणूस ‘एमव्ही’ (हलवा), ‘सीपी’ (नक्कल करा) आणि ‘आरएम’ (काढा) या तीन आज्ञांना उगाच घाबरतो, आणि जिथे खरंच घाबरायला हवं तिथे मात्र निर्धास्त असतो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फोल्डर, म्हणजे डिरेक्टरी, ही मुळात एक यादी आहे. यादीच्या प्रत्येक ओळीत मुख्य गोष्टी दोनच: एक नाव आणि एक क्रमांक. हा क्रमांक ‘आयनोड’चा, म्हणजे फाईलच्या नोंदीचा. फाईल कोणाची, किती बाइट्सची, शेवटची कधी बदलली, कोणाला वाचायची परवानगी आहे, डिस्कवरच्या कोणत्या ठोकळ्यांत तिचा मजकूर आहे, हे सगळं आयनोडमध्ये लिहिलेलं असतं. फक्त एक गोष्ट तिथे नसते: फाईलचं नाव. ही मांडणी युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची, जिच्या धर्तीवर लिनक्स उभं आहे. १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते काम सुरू केलं. सत्तरच्या दशकातल्या युनिक्समध्ये डिरेक्टरीची एक ओळ बरोबर १६ बाइट्सची असे, २ बाइट्स क्रमांकाला आणि १४ नावाला. इतकी साधी गोष्ट, आणि पन्नास वर्षांनंतरही आपले सर्व्हर त्याच कल्पनेवर उभे आहेत!

सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून शेत जागचं हलत नाही. ‘एमव्ही’ नेमकं तेच करते. एका यादीतली ओळ खोडते आणि दुसऱ्या यादीत लिहिते. क्रमांक तोच, मजकूर तिथेच. म्हणून चाळीस जीबी असो की चार केबी, वेळ जवळपास सारखाच. पेनड्राइव्ह मात्र वेगळी फाईल सिस्टीम, म्हणजे फायलींची स्वतंत्र मांडणी, असते, तिथे आपल्या डिस्कचे आयनोड क्रमांक चालत नाहीत. त्यामुळे ‘एमव्ही’ला सगळा मजकूर नकलून मगच मूळ काढावं लागतं. सेकंदाला २० एमबी लिहिणारा पेनड्राइव्ह धरला तर चाळीस जीबीला २००० सेकंद, म्हणजे साधारण ३३ मिनिटं. त्या मुलाचा अर्धा तास इथे गेला.

हे डोळ्यांनी पाहता येतं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि ‘एमकेडीआयआर डिझाईन’ (नवी डिरेक्टरी करा), मग ‘सीडी डिझाईन’ (तिच्यात शिरा), मग ‘टच वेलबुट्टी’ (रिकामी फाईल करा) असं करा (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत, नावं मराठीत चालतात). आता यादी दाखवणारी ‘एलएस -एलआय’ द्या. ओळीच्या सुरुवातीला जो मोठा आकडा दिसतो तो आयनोड क्रमांक. परवानग्यांच्या अक्षरांनंतर एक छोटा आकडा आहे, १. या आयनोडकडे किती नावं बोट दाखवतात, त्याची ती मोजणी. आता त्याच फाईलला दुसरं नाव देणारी ‘एलएन वेलबुट्टी दिवाळी’ ही आज्ञा लिहा आणि पुन्हा ‘एलएस -एलआय’ द्या. दोन नावं, आयनोड क्रमांक एकच, आणि छोटा आकडा झाला २. मजकुरासाठी डिस्कवर एक बाइटही जास्त गेला नाही. एकच डिझाईन संग्रहाच्या फोल्डरमध्ये आणि दिवाळीच्या ऑर्डरच्या फोल्डरमध्ये, दोन्हीकडे ठेवायचं असेल तर यासारखा उपाय नाही. आता ‘आरएम वेलबुट्टी’ करा. ‘दिवाळी’ शाबूत आहे. यातलं मूळ कोणतं आणि दुसरं कोणतं, हा प्रश्नच गैरलागू आहे. दोन्ही नावं सारख्याच हक्काची होती.

मात्र याला बॅकअप समजू नका. मजकूर एकच आहे, तो बिघडला तर दोन्ही नावांखाली बिघडलेलंच मिळेल. शिवाय काही प्रोग्रॅम ‘सेव्ह’ करताना नवी फाईल लिहून तिला जुनं नाव देतात. तसं झालं की दोन नावांचे रस्ते वेगळे होतात. शंका आली की क्रमांक ताडून पाहा.

डिरेक्टरीची मोजणी याहून मजेची आहे. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ फाईल सिस्टीमवर नवी, रिकामी डिरेक्टरी जन्मतःच २ दाखवते. एक नाव तिच्या पालकाच्या यादीत, आणि दुसरं तिच्या स्वतःच्या यादीत, ‘.’ या नावाने. तिच्या आत एक उपडिरेक्टरी केली की आकडा ३, कारण त्या पोरीच्या यादीत ‘..’ नावाची ओळ आईकडे बोट दाखवते. म्हणजे आकड्यातून २ वजा केले की आत किती उपडिरेक्टऱ्या आहेत ते न उघडता कळतं. आणि सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत ‘..’ कुणाकडे बोट दाखवते? स्वतःकडेच. ईएक्सटी४ वर तिचा आयनोड क्रमांक नेहमी २ असतो.

आता ‘आरएम’. ही आज्ञा नाव खोडते आणि मोजणी एकाने उतरवते. मोजणी शून्य झाली आणि कोणत्याही चालू प्रोग्रॅमने ती फाईल उघडलेली नसली, की मगच जागा मोकळी धरली जाते. ‘मोठी लॉग फाईल काढली तरी डिस्क भरलेलीच’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. प्रोग्रॅमने ती अजून धरून ठेवलेली असते. मोकळी धरलेली जागासुद्धा लगेच पुसली जात नाही, दुसरं काही तिथे लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर असू शकतो.

यातूनच ‘३५ वेळा पुसा’ नावाचं कर्मकांड निघालं. संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांनी १९९६ साली तेव्हाच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी पुसण्याच्या पद्धती एकत्र मांडल्या. कोणत्याही एका डिस्कला सगळ्या ३५ फेऱ्या लागतच नव्हत्या. लोक याकडे भुतं पळवायच्या मंत्रासारखं पाहतात, अशी खंत पुढे खुद्द गुटमन यांनी लिहिली. तरी आजही ‘क्लीनर’ विकणारे हा आकडा मिरवतात. आजच्या चुंबकीय डिस्कवर एकदा नीट वरून लिहिणं पुरतं. एसएसडीवर, म्हणजे चिपवर चालणाऱ्या डिस्कवर, नवा मजकूर जुन्या जागीच पडेल याची खात्री नसते, त्यामुळे तिथे ३५ काय आणि ३५० काय! तिथे सुरुवातीपासून एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा ठेवणं, हाच शहाणपणा.

खरी भीती बाळगायची ती दोन ठिकाणी. ‘एमव्ही’ आणि ‘सीपी’ला दिलेलं नाव तिथे आधीच असेल, तर जुनी फाईल न विचारता जाते. म्हणून ‘-आय’ जोडायची सवय लावा, मग आज्ञा आधी विचारते. दुसरं म्हणजे, फाईलला ‘फक्त वाचा’ परवानगी लावली की ती कोणी काढू शकणार नाही, हा समज. काढणं म्हणजे यादीतली ओळ खोडणं, तेव्हा परवानगी यादीची लागते. डिरेक्टरीत लिहायची मुभा असलेला माणूस तुमची ‘फक्त वाचा’ फाईल खुशाल काढू शकतो, ‘आरएम’ फार तर एकदा विचारेल. संग्रह जपायचा असेल तर परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा डिरेक्टरीवर चालवा.

मराठी नावांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट्स आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षर १ बाइट घेतं, तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३, आणि काना-मात्रा-वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘वेलबुट्टी’ डोळ्यांना चार अक्षरं दिसते, पण चिन्हं ९ आणि बाइट्स २७. जुन्या युनिक्सच्या १४ बाइट्सच्या रकान्यात ती मावलीच नसती. यूटीएफ-८ ची रचना रॉब पाइक यांच्यासोबत १९९२ साली ज्यांनी केली, ते हेच केन थॉम्प्सन. हिशेब केला तर मराठी नावाला ८५ चिन्हं मिळतात. फाईलच्या नावातच गिऱ्हाईक, रंग, माप, तारीख असं सगळं लिहायची सवय असेल तर ती मर्यादा लवकर गाठली जाते. त्यापेक्षा गिऱ्हाईक आणि साल यांच्या डिरेक्टऱ्या करा आणि नाव आटोपशीर ठेवा.